पिकअप गतिरोधकाला आणि सिग्नलला बंद पडते, नोझल काढण्याआधी काय काय तपासू?

दिंडोरीचा_टोमॅटो
२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय.

गाडी डिझेल पिकअप, २०१८ ची, बीएस-४, कॉमन रेल इंजिन (एका जास्त प्रेशरच्या पाइपातून, म्हणजे रेलमधून, सगळ्या नोझलला डिझेल जातं; नोझल ते सिलिंडरमध्ये फवारतात). १ लाख ८६ हजार किमी झालेत. सध्या टोमॅटो चालू आहे, त्यामुळे रोज ६० क्रेट भरून पिंपळगाव बसवंतला नाहीतर नाशिकच्या मार्केट यार्डात जावं लागतं.

४०-५० च्या वेगात गाडीची काहीच तक्रार नाही, चढालाही मस्त उठते. पण गतिरोधक आला, रेसवरचा पाय काढला आणि क्लच दाबला की आरपीएमचा काटा ८०० वर थांबायचं सोडून ५००, ३०० करत खाली जातो आणि गाडी बंद. भरलेली असो की रिकामी. सेल्फ मारला की दुसऱ्या क्षणाला चालू. सकाळी थंड इंजिनवर असं एकदाही झालेलं नाही. अर्धा-पाऊण तास चालली की मग सुरू होतं. आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता एका फेरीत चार-पाच वेळा.

आतापर्यंत डिझेल फिल्टर बदलला (पंधरा दिवस झाले), एअर फिल्टर बदलला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पण कोड काही नाही आणि इंजिनची लाईटही लागत नाही. आता तो म्हणतो चारही नोझल काढून दुरुस्त करून घ्या. खर्च ४०-४५ हजार, गाडी चार दिवस उभी. पैशाचं बघता येईल, पण ऐन तोड्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर माल झाडावरच लाल होतो.

काल म्हसरूळला गतिरोधकावर बंद पडली तेव्हा मागे बस होती. थोडक्यात वाचलो. नोझलला हात लावण्याआधी काय तपासू ते कृपया सांगा.

आगारातला_जुना
२ सप्टेंबर, रात्री १०:१५

एसटीच्या आगारात ३१ वर्षं इंजिनवर काम केलं. नोझल वाईट नसतील असं मी म्हणत नाही, पण तुमच्या लक्षणावरून थेट नोझल काढायला सांगणं मला घाई वाटते. नोझल गळत असतील तर सहसा स्टार्टिंगलाच त्रास होतो, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, कारण रेलमध्ये प्रेशरच बनत नाही. तुमची गाडी तर लगेच घेते.

आधी चार गोष्टी सांगा. बंद पडताना आरपीएमचा काटा इंजिनबरोबर हळूहळू उतरतो, की इंजिन अजून फिरत असताना एकदम शून्यावर पडतो? त्या वेळी मागे धूर दिसतो का, आणि कोणत्या रंगाचा? टाकी अर्ध्याखाली असताना जास्त होतं का? आणि बंद पडल्यावर दरवेळी लगेच चालू होते, की कधी पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं?

या चार उत्तरांनी निम्मं काम होईल. उद्या गाडीत दुसऱ्या माणसाला बसवा आणि त्याला फक्त काट्याकडे बघायला सांगा. चालवणाऱ्याचं लक्ष तेव्हा रस्त्यावर असतं, त्याला नीट दिसत नाही.

पेठरोड_ट्रान्सपोर्ट
२ सप्टेंबर, रात्री १०:५०

दादा, शंभर टक्के ईजीआर. माझ्या दोन गाड्यांना असंच होत होतं. पत्र्याची पट्टी कापून ईजीआरला बंद लावून टाका, एका तासाचं काम.

पंपवाला_अंबड
३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मी अंबड एमआयडीसीत डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. नोझल केले तर फायदा माझ्यासारख्यांचाच, तरी सांगतो, अजून करू नका.

पेठरोड भाऊ, ईजीआरची शंका बरोबर आहे, पण पट्टी लावणं हा उपाय नाही. ईजीआर म्हणजे जळालेला वायू थोडा परत आत घ्यायचा. वेगात इंजिन भरपूर हवा ओढतं तेव्हा तो पचतो. वाल्व्ह काजळीने उघडाच अडकला तर आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) ताज्या हवेची जागा तोच वायू घेतो आणि इंजिन गुदमरतं. पण असं असेल तर आयडलला थरथर येते, काळा धूर येतो आणि चढाला गाडीचा जोर मार खातो. दादांची गाडी चढाला उठते म्हणतात. तरी दोन नट-बोल्टचं काम आहे, वाल्व्ह काढून बघा. काजळी असेल तर साफ करा, बोटाने दाबून सोडल्यावर झटकन बसतो का ते बघा, नवं गॅस्केट टाकून परत बसवा. पट्टी लावली तर गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही, बऱ्याच गाड्यांत ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते कळतं आणि लाईट लागते. शिवाय खरा दोष दुसरीकडे असेल तर तो तसाच राहतो.

दिंडोरीचा_टोमॅटो
३ सप्टेंबर, रात्री ८:२०

काका, पुतण्याला शेजारी बसवून पिंपळगाव करून आलो. पाच वेळा बंद पडली. काटा इंजिनबरोबरच उतरतो, एकदम पडत नाही. धूर नाही. टाकी पाऊण होती तरी झालं, म्हणजे टाकीचा संबंध दिसत नाही. दरवेळी लगेच चालू झाली.

पुतण्याच्या एक लक्षात आलं. गिअरमध्ये असताना, क्लच न दाबता हळू केली तर बंद पडत नाही. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की लगेच पडते.

ईजीआर काढून साफ केला. काजळी होती, पण वाल्व्ह मोकळा होता. फरक शून्य.

वायरिंग_सातपूर
३ सप्टेंबर, रात्री ९:०५

काटा इंजिनबरोबर उतरतो आणि लगेच चालू होते, म्हणजे क्रँक सेन्सरवरचा (इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवरचा) संशय बहुतेक मिटला. तो गरम होऊन मरतो तेव्हा ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. काटा तिथल्या तिथे शून्य होतो आणि सेन्सर थंड होईपर्यंत गाडी बहुतेक घेत नाही.

अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनशी जोडणी) मात्र तपासा, फुकटात होतं. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबाला (क्लिपला नव्हे), दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ लोखंडाला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची पट्टी सडली आहे. मग गाडी चालू ठेवून बॅटरीवर बघा, १३.८ ते १४.४ च्या मध्ये हवं. पिकअपच्या खाली कायम चिखल आणि शेणखत लागतं, पट्टीचा बोल्ट आतून हिरवा पडलेला असतो आणि वरून काही दिसत नाही.

निफाडची_बाग
४ सप्टेंबर, सकाळी ६:१५

दादा, आमच्या पिकअपला गेल्या वर्षी द्राक्षाच्या हंगामात जवळजवळ हेच होत होतं. आमच्याकडे निघालं टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी पाइपात. क्लिपच्या खाली बारीक चीर होती. त्यातून डिझेल बाहेर येत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो, उलट हवा आत जाते. खाली थेंबही पडलेला नसल्यामुळे दोन महिने कोणाला कळलं नाही. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडून बघा. आमच्या पाइपात साबुदाण्याएवढे बुडबुडे सरकताना दिसले. एखादा बारीक बुडबुडा सुरुवातीला येतो, तो सोडून द्या, पण सतत येत असतील तर हवा धरते आहे.

आणि एक काम आजच करा. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू ढिला करून काचेच्या बरणीत पाव लिटर डिझेल काढा आणि बरणी तासभर हलवू नका. नुसतं पाणी सोडून देतात, कोणी बघत नाही.

तुम्ही डिझेल कुठून भरता? नेहमी पंपावरच का?

दिंडोरीचा_टोमॅटो
४ सप्टेंबर, दुपारी ३:३०

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मीच थबकलो.

अर्थिंग ०.२ व्होल्ट, चालू गाडीवर बॅटरी १४.१. वायरिंगवाल्या भाऊंचे आभार, तो विषय संपला. पारदर्शक पाइप जोडला, बुडबुडे नाहीत.

पण बरणी. सकाळी आठला काढली आणि ओट्यावर उन्हात ठेवली. नऊ वाजता बघितलं तर तळाला दोन बोटं पाणी, वेगळं, सरळ रेघ. आणि त्या रेघेवर तिखटासारखी तांबडी पूड बसलेली. बरणी तिरकी केली की ती पूड पाण्यावरून सरकते. हा फिल्टर फक्त पंधरा दिवसांचा आहे.

डिझेल पंपावरूनच येतं, पण ट्रॅक्टर आणि फवारणीच्या ब्लोअरसाठी आम्ही २०० लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये साठवतो. तोड्याच्या घाईत पंपावर थांबायला वेळ नसतो, म्हणून जूनपासून पिकअपमध्येही त्याच ड्रममधून हातपंपाने डिझेल टाकतोय. ड्रम शेडच्या कडेला उभा आहे आणि पावसाची झड त्यावर येते. त्रास सुरू झाला जुलैच्या शेवटी.

पंपवाला_अंबड
४ सप्टेंबर, रात्री ९:४५

मूळ सापडलं असं मला वाटतं. आता नीट ऐका, कारण नुसतं पाणी काढून हे जाणार नाही.

उभ्या ड्रमच्या झाकणाभोवती पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री थंड होतो. थंड होताना आतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून ते साचलेलं पाणी आत ओढलं जातं. आतून ओलावाही धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाला जातं, आणि लोखंड तिथेच गंजतं. तुमच्या हातपंपाची नळीही तळालाच असते.

फिल्टर हे सगळं अडवतो, पण त्याला मर्यादा आहे. पाणी भरून वर आलं की पुढे जातं, आणि पुढे हाय प्रेशर पंप आहे. या पंपावर एक छोटा इलेक्ट्रिक वाल्व्ह असतो, मीटरिंग वाल्व्ह. कोणी सक्शन कंट्रोल म्हणतं, कोणी आयएमव्ही. पंपात किती डिझेल घ्यायचं ते हा ठरवतो. त्याच्या आत एक बारीक पिस्टन मागेपुढे सरकतो आणि त्याची फट केसापेक्षा कमी असते. त्यावर गंज किंवा चिकट थर बसला की तो अडखळतो.

आता तुमचं लक्षण बघा. वेगात असताना रेस सोडली की ईसीएम डिझेल तोडते, गाडीच इंजिनला फिरवत असते. आरपीएम हजाराच्या आसपास आले की ईसीएम पुन्हा डिझेल सोडते. त्या क्षणाला मीटरिंग वाल्व्हने बंदच्या जवळून पटकन थोडं उघडायचं असतं. तो अडकला तर रेलचं प्रेशर आयडलच्या गरजेच्याही खाली जातं आणि इंजिन मरतं. गिअरमध्ये असताना चाकं इंजिनला फिरवत राहतात, पंप फिरत राहतो, तोवर वाल्व्ह सुटतो, म्हणून पडत नाही. तुमच्या पुतण्याने फार मोलाची गोष्ट पकडली.

आणि कोड का येत नाही? प्रेशर ठराविक वेळ चुकीचं राहिलं तरच बऱ्याच गाड्यांत कोड पडतो. तुमचं इंजिन त्याआधीच बंद होतं.

हे सगळं अजून अंदाजच आहे. खात्रीसाठी नुसता कोड वाचून स्कॅनर काढायचा नाही, लावूनच गाडी चालवायची. लाइव्ह डेटामध्ये दोन आकडे लावा, मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर. गाडी गरम करून गतिरोधकावर बंद पडू द्या आणि शेजारच्याने त्याचं रेकॉर्डिंग करावं. मोकळ्या रस्त्यावर करा, महामार्गावर नको.

गॅसवाला_सिडको
४ सप्टेंबर, रात्री १०:१०

माझी छोटी पिकअप सीएनजीवर आहे, तीही सिग्नलला बंद पडते. मलाही हेच लागू होतं का?

पंपवाला_अंबड
४ सप्टेंबर, रात्री १०:३०

नाही भाऊ, तुमचं इंजिन वेगळं. आधी पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवरही बंद पडते तर थ्रॉटल बॉडीची काजळी, हवेचा फाटका पाइप आणि प्लग बघा. फक्त गॅसवर पडते तर गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर. नवा धागा काढा, तिथे सविस्तर सांगतो.

घाटातली_वाट
५ सप्टेंबर, सकाळी ५:५०

मी पेठमार्गे गुजरातला भाजी नेतो. दिंडोरीच्या दादांना एवढंच सांगायचंय की हे दुरुस्त होईपर्यंत ही गाडी घाटात घालू नका.

माझी गाडी सावळघाटात उतारावर, वळण घेताना बंद पडली होती. मी क्लच दाबून ठेवलेला. पॉवर स्टीअरिंग एकदम दगडासारखं झालं. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा अर्धा लागला, तिसऱ्यांदा पेडल लाकडासारखं कडक. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम तेवढाच पुरतो, आणि व्हॅक्यूमचा पंप इंजिनवरच फिरतो. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून गाडी डोंगराच्या बाजूला घातली.

अशी वेळ आलीच तर क्लच सोडा, गाडी गिअरमध्ये राहू द्या. चाकं इंजिनला फिरवतील, स्टीअरिंग हलकं राहील, ब्रेकलाही व्हॅक्यूम मिळेल. ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. किल्ली उलटी फिरवून काढू तर अजिबात नका, स्टीअरिंग लॉक होतं.

दिंडोरीचा_टोमॅटो
६ सप्टेंबर, रात्री ९:००

घाटवाल्या दादा, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. गाडी पिंपळगावच्या पलीकडे नेत नाहीये.

काल टाकी उतरवून धुतली. तळाला दीड-दोन लिटर गढूळ पाणी आणि वरून तीच तांबडी पूड. नवा फिल्टर टाकला, पंपावरचं ताजं डिझेल भरलं. बंद पडणं कमी झालं, पाचावरून दोनवर आलं, पण गेलं नाही.

आज दुसऱ्या गॅरेजमधून स्कॅनर मागून घेतला. आकडे असे: आयडलला मागितलेलं ३०० बार, प्रत्यक्ष २७० ते ३४० मध्ये झुलतं, स्थिर नाही. वेगात मागितलेलं ९५०, प्रत्यक्षही ९५० च्या आसपास. पाय काढून क्लच दाबला की मागितलेलं ३०० वर येतं, प्रत्यक्ष मात्र ३०० ला न थांबता २१०, १६०, ११० आणि इंजिन बंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

आगारातला_जुना
६ सप्टेंबर, रात्री ९:३०

नवा मीटरिंग वाल्व्ह घेण्याआधी नोझलच्या रिटर्नची (नोझलमधून उरून परत जाणाऱ्या डिझेलची) परीक्षा करून टाका, म्हणजे मनात शंका राहणार नाही. चारही नोझलचे रिटर्न पाइप काढून एकसारख्या चार बाटल्यांत सोडा, गरम इंजिन आयडलला ठराविक मिनिटं चालवा आणि पातळी बघा. चारही जवळपास सारख्या असतील तर नोझलवर खर्च करू नका. एखादी बाटली दुप्पट भरली तर फक्त तोच नोझल बघायचा.

आणि हात जोडून एक विनंती. आमच्या काळात चालू इंजिनवर नोझलचा नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते बघायचो. मीही हजारदा केलंय. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. आयडललाच ३०० बार आहे, रेस दिल्यावर हजाराच्या वर जातं. ती बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणीएवढं छिद्र दिसतं, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट कापायची वेळ येते. रिटर्नचा पाइप कमी प्रेशरचा असतो, फक्त त्यालाच हात लावा, तोही इंजिन बंद करून.

दिंडोरीचा_टोमॅटो
९ सप्टेंबर, रात्री १०:२०

सलाइनच्या चार रिकाम्या बाटल्या तारेने बॉनेटला टांगून परीक्षा केली. तीन सारख्या, चौथी करंगळीच्या पेराएवढी जास्त. पंपवाल्या भाऊंना फोटो पाठवला, ते म्हणाले १ लाख ८६ हजारला एवढा फरक चालतो.

आज अंबडला जाऊन मीटरिंग वाल्व्ह बदलला. भाऊंनी जुना वाल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. आतला पिस्टन नखाने ढकलला तर अर्ध्यात थांबला, जरा जोर दिला तेव्हा टक करून पुढे गेला. नव्याचा पिस्टन नुसतं तिरकं केलं तरी आपोआप घरंगळत होता. त्या एका फरकासाठी मी सव्वा महिना रस्त्यावर जीव मुठीत धरून गाडी चालवत होतो.

वाल्व्ह बसवल्यावर स्कॅनरने ईसीएमला नवीन वाल्व्हची ओळख करून दिली. सगळं मिळून साडेसात हजार आणि एक दुपार. येताना म्हसरूळपर्यंतचा एकही गतिरोधक सोडला नाही, प्रत्येकाला मुद्दाम क्लच दाबला. काटा ८०० वर येऊन थांबतो.

पेठरोड_ट्रान्सपोर्ट
१० सप्टेंबर, सकाळी ८:००

अभिनंदन दादा. मी घाईने पट्टी लावा म्हणालो, चूक झाली. माझ्या एका गाडीची पट्टी आज काढून वाल्व्ह साफ करून घेतोय. जुना मीटरिंग वाल्व्ह धुऊन चालला नसता का?

पंपवाला_अंबड
१० सप्टेंबर, दुपारी १:१५

धुतल्यावर महिना-पंधरा दिवस चालतो, पण गंजाने पिस्टनवर चरे पडलेले असतील तर पुन्हा अडकतो. दादांच्या पिस्टनवर भिंगाखाली चरे दिसले, म्हणून नवा टाकला. नुसता चिकट थर असता तर मीच धुऊन दिला असता.

निफाडची_बाग
२८ सप्टेंबर, सकाळी ६:४०

दादा, तीन आठवडे झाले, गाडी कशी आहे? आणि ड्रमचं काय केलंत?

दिंडोरीचा_टोमॅटो
२८ सप्टेंबर, रात्री ८:५०

ताई, एकदाही बंद पडली नाही. परवा घाटवाल्या दादांच्याच रस्त्याने सावळघाट उतरून पेठला जाऊन आलो.

लोखंडी ड्रम विकला. डिझेलसाठीचा जाड प्लास्टिकचा घेतला, तो शेडच्या आत, विटांवर, जरासा तिरका ठेवलाय. हातपंपाची नळी कापून तळापासून चार बोटं वर घेतली. महिन्यातून एकदा तळाचं डिझेल बरणीत काढून बघायचं, हे काम पुतण्याने घेतलंय. पिकअपमध्ये ड्रममधलं डिझेल आता टाकत नाही, फक्त ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरच्या फिल्टरखालीही काल बरणी धरली, अर्धं बोट पाणी निघालं. ब्लोअर त्याच ट्रॅक्टरवर चालतो, फवारणीला लावायच्या आधी उद्या ट्रॅक्टरचीही टाकी उतरवतोय.

निफाडची_बाग
२८ सप्टेंबर, रात्री ९:१०

टाकी उतरवाल तेव्हा आतली जाळी बघा, आमच्या ट्रॅक्टरच्या जाळीला गंजाने भोक पडलं होतं. नवी जाळी बसवूनच डिझेल भरा.

दिंडोरीचा_टोमॅटो
२९ सप्टेंबर, सकाळी ११:३०

ताई, आमचीही फाटलेली निघाली. पुतण्या जाळी आणायला दिंडोरीला गेलाय.